नजर बदला म्हणजे नेमकं काय बदलू?

या वेळच्या चारही पत्रांत एकच तक्रार आहे. रोजच्या ताणाबद्दल कुणाशी बोलायला जावं, तर समोरचा म्हणतो, ‘तू बघण्याची दृष्टी बदल.’ कुठली दृष्टी आणि ती बदलायची कशी, ते कुणी सांगत नाही. पहिल्या पत्राला मी जास्त जागा दिली आहे, कारण त्यातला प्रश्न बाकीच्या पत्रांच्याही मुळाशी आहे. नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

पहिलं पत्र: ताई, आमचं मुरुडला (ता. दापोली) समुद्राजवळ चार खोल्यांचं निवास-न्याहारी आहे. स्वयंपाक मी आणि सासूबाई करतो, बाजार आणि बुकिंग यजमान बघतात. शुक्रवारची दुपार झाली की माझ्या पोटात गोळा येतो. फोन वाजला की छातीत धडधड. पाहुणे सातला पोचतो म्हणतात, साडेदहाला उतरतात आणि तेव्हा त्यांना गरम सुरमई हवी असते. वीज गेली की इन्व्हर्टरवर पंखे चालतात, एसी चालत नाही, मग बोलणी खायची. गेल्या मेमध्ये एकाने तीन स्टार देऊन ‘खोलीत मुंग्या’ असं लिहिलं. ते अजून माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. यजमान म्हणतात, धंद्यात हे चालायचंच. नणंद म्हणते, पॉझिटिव्ह विचार कर. पण ‘सगळं छान होणार’ असं मनात म्हटलं की उलट जास्त धडधडतं. त्यात व्हॉट्सअ‍ॅपवर कुणी पाठवलं की टेन्शन म्हणजे हळूहळू भिनणारं विष. आता टेन्शनचंच टेन्शन आलंय. नजर बदला म्हणजे मी नेमकं काय बदलू?

‘सगळं छान होणार’ हे तुमच्या मनाला पटत नाही, कारण ते खरं नाही. शुक्रवारी कुणीतरी उशिरा येणारच आहे आणि वीजही कधीतरी जाणार आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. न पटणारी गोष्ट घोकत बसलं की मन शांत होत नाही, ते आणखी सावध होतं. तेव्हा नजर गोड करायच्या भानगडीत पडू नका. ती आज आहे त्यापेक्षा जास्त खरी करायची आहे. माझं सगळं सांगणं एवढंच आहे. बाकी सगळं ते करायचं कसं, याबद्दल.

रिचर्ड लाझारस नावाचे मानसशास्त्रज्ञ कॅलिफोर्नियात बर्कलीच्या विद्यापीठात होते. १९६४ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना बघवणार नाही अशी एक फिल्म दाखवली. चित्रं सगळ्यांना तीच, निवेदन मात्र वेगळं. एका गटाला वेदना आणि धोका ठसवणारं निवेदन, दुसऱ्याला ‘यात कुणाला काही त्रास होत नाही’ असं सांगणारं, तिसऱ्याला अभ्यासकाच्या तटस्थपणे काय चाललंय ते समजावणारं. एका गटाला निवेदनच नव्हतं. बघताना त्यांच्या हृदयाचे ठोके आणि हातावर सुटणारा घाम यांची मोजणी चालू होती. वेदना ठसवणारं निवेदन ऐकणाऱ्यांचं शरीर जास्त खवळलं, तटस्थ निवेदन ऐकणाऱ्यांचं कमी. ‘काही त्रास होत नाही’ हे ऐकणाऱ्यांचंही कमीच खवळलं, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. पण फिल्म बघणाऱ्याला पुढे काही करायचं नसतं. तुम्हाला साडेदहा वाजता तवा तापवायचा असतो. म्हणून तुमच्या कामाचं निवेदन ते तिसरं.

लाझारस यांनी पुढे मांडलं ते असं: ताण नुसत्या प्रसंगातून येत नाही. प्रसंग समोर आला की मन पटकन दोन हिशेब करतं. यात माझं काय पणाला लागलंय? आणि त्याला तोंड द्यायला माझ्याकडे काय आहे? पहिला आकडा फुगला आणि दुसरा आक्रसला की छातीत धडधडतं. दोन्ही हिशेब इतक्या झरकन होतात की ते केल्याचं आपल्याला कळतही नाही. नजर बदलणं म्हणजे हे दोन हिशेब सावकाश, कागदावर, पुन्हा मांडणं.

माझे वडील हर्णैहून होडी घेऊन जात. ‘काही होत नाही’ असं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नाही. निघायच्या आधी ते वारा बघत, भरतीची वेळ बघत, डिझेल किती, जाळं कुठे उसवलंय आणि बरोबर कोण आहे ते बघत. कधी होडी काढत, कधी काढत नसत. दोन्ही निर्णय त्याच बघण्यातून येत. मी ज्याला खरी नजर म्हणते, ती ही.

आता मुंग्यांकडे येऊ. घडलं ते एवढंच: मे महिन्यात किनाऱ्यावरच्या घरात मुंग्या निघाल्या आणि एका माणसाने तसं लिहिलं. त्यावर तुम्ही स्वतःला काय सांगितलंत ते पत्रात नाही, पण इतकी वर्षं पत्रं वाचून अंदाज करता येतो. ‘घर अस्वच्छ म्हणून नाव जाणार. सासूबाईंनी कमावलेलं माझ्या हातून घालवलं. आता कोण येणार?’ यातलं एकही वाक्य त्या पाहुण्याने लिहिलेलं नाही. तुमची नोंदवही काढा आणि त्या मे महिन्यानंतरची बुकिंगं स्वतःच्या डोळ्यांनी बघा. कमी झाली असतील तर तेही बघा. आकडा काय निघेल तो निघो, मनातल्या ‘आता कोण येणार’पेक्षा तो सुसह्यच असेल, कारण त्याला शेवट आहे. मग दुसरा हिशेब. हातात काय आहे? उंबरठ्यावर आणि खिडकीच्या कडेला मुंग्यांचा खडू, खोलीत उघडं खाणं ठेवू नये अशी एक पाटी आणि त्या अभिप्रायाखाली दोन ओळींचं साधं उत्तर, ‘तक्रार बरोबर होती, उपाय केला आहे.’ पुढचा पाहुणा मुंग्यांबरोबर हे उत्तरही वाचतो.

साडेदहाच्या सुरमईचंही असंच. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून येणारा माणूस वळणांनी शिणलेला असतो, मागच्या सीटवर मूल ओकलेलं असतं. त्याचा आवाज चढलेला आहे तो भुकेने. हे मी त्याची बाजू घेऊन सांगत नाही. तो चिडलाय म्हणजे मी कमी पडले, हा तुमचा हिशेब चुकतो आहे, तेवढा दुरुस्त करते आहे. पण नुसता हिशेब दुरुस्त करून थांबू नका. ‘रात्री साडेनऊनंतर पिठलं-भात आणि सोलकढी मिळेल, मासे हवे असतील तर संध्याकाळी सहापर्यंत कळवा,’ असं बुकिंगच्या मेसेजमध्येच घाला. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, ते घाटावरच्या कितीतरी लोकांना माहीत नसतं, तेही आधीच लिहा. इन्व्हर्टरवर एसी चालत नाही, तेही. खऱ्या नजरेचा फायदा हाच की बदलता येण्यासारखं काय आहे ते तिला दिसतं.

आणि एक गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, मी लिहिते. बुकिंग यजमान बघतात, तर शुक्रवारी धडधड तुमच्या छातीत का? रात्रीचा फोन त्यांच्याकडे असू दे, उशिरा येणाऱ्यांना दार त्यांनी उघडू दे. सकाळी सहाला आंबोळ्यांच्या तयारीला उठणाऱ्या बाईने रात्री बारापर्यंत जागणं हा दृष्टीचा प्रश्नच नाही. तो कामाच्या वाटपाचा प्रश्न आहे. हे उत्तर त्यांना वाचायला द्या.

व्हॉट्सअ‍ॅपवरच्या विषाबद्दल. वर्षानुवर्षं न संपणारा ताण शरीराला बाधतो, हे खरं. पण २०१२ साली अमेरिकेत एक अभ्यास प्रसिद्ध झाला. १९९८ च्या सरकारी आरोग्य-पाहणीतल्या २८ हजारांहून जास्त लोकांचं पुढे काय झालं, ते त्यात पाहिलं होतं. खूप ताण आहे आणि तो आपल्या तब्येतीला फार अपाय करतोय, असं ज्यांनी सांगितलं होतं त्यांच्यात अकाली मृत्यूचं प्रमाण जास्त निघालं. ताण तेवढाच, पण तो तितका अपायकारक वाटत नव्हता, त्यांच्यात तसं दिसलं नाही. अशा पाहणीवरून कारण ठरत नाही. आधीच आजारी असलेल्यांना ताण जास्त घातक वाटत असेल, असंही शक्य आहे. तरी ‘टेन्शन म्हणजे विष’ हा मेसेज पुढे पाठवणारे लोक भलं करत नाहीत, असं माझं स्पष्ट मत आहे. शुक्रवारची धडधड म्हणजे कामाला लागायची तयारी. रविवारी पाहुणे गेल्यावर ती उतरते ना? उतरत असेल तर भिऊ नका.

रविवारी दुपारी चादरी धुवायला टाकल्या की वहीत एकच प्रसंग लिहा. काय घडलं, मी मनात काय म्हटलं, काय पणाला होतं आणि हातात काय होतं. सगळे प्रसंग लिहायला जाऊ नका, कंटाळा येईल. गणपतीपर्यंत असं करा आणि मग मला कळवा.

दुसरं पत्र: मी बारावी सायन्सला आहे, मालवणजवळ राहतो. पेपर हातात आला की हात घामाने ओले होतात, हृदय जोरात धडधडतं, येत असलेलं सुचत नाही. सर म्हणतात, शांत राहा. शांत होता येत नाही याचीच भीती वाटते. त्यात कोकण बोर्ड दरवर्षी पहिलं येतं, म्हणून घरी आणि गावात सगळे म्हणतात की आपल्याकडच्या पोराला कमी मार्क कसे पडतील.

शांत होऊ नकोस. सरांचा हेतू चांगला आहे, पण जोरात पळणाऱ्या शरीराला एका मिनिटात बसवणं कुणालाच जमत नाही. हार्वर्डच्या बिझनेस स्कूलमधल्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४ साली याबद्दलचे प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी लोकांसमोर गाणं, भाषण, गणिताची चाचणी अशा वेळी काहींना ‘मी शांत आहे’ असं, तर काहींना ‘मला हुरूप आलाय’ अशा अर्थाचं म्हणायला किंवा मनात धरायला लावलं. हुरुपाचं म्हणणाऱ्यांची कामगिरी सरस ठरली. कारण साधं आहे. भीतीत आणि हुरुपात शरीर जवळजवळ सारखंच वागतं. ठोके वाढतात, श्वास वाढतो, हातांना घाम येतो. एकाला दुसऱ्याचं नाव देणं शरीराला पटतं. शांततेचं नाव दिलेलं पटत नाही.

धडधड वाढते तेव्हा मेंदूला आणि स्नायूंना जास्त रक्त पोचवायची तयारी चाललेली असते. अमेरिकेत जेरेमी जेमिसन आणि सहकाऱ्यांनी प्रवेशपरीक्षेच्या तयारीतल्या विद्यार्थ्यांना एवढंच आधी समजावून सांगितलं की या अवस्थेने पेपर बिघडत नाही, मदतच होऊ शकते. ज्यांना हे सांगितलं होतं त्यांना गणिताच्या भागात जास्त गुण मिळाले. म्हणून शाळेतल्या पुढच्या चाचणीला हात ओले झाले की रुमालाला पुस आणि मनात म्हण, ‘गाडी चालू झाली.’ पहिली पाच मिनिटं सगळ्यात सोपा प्रश्न घे. अभ्यास झालेला असेल तरच याचा उपयोग, ते तुला सांगायला नको.

बोर्डाचं म्हणशील तर घरच्यांना एक गोष्ट दाखव. कोकण विभाग पहिला येतो तो उत्तीर्ण होणाऱ्यांच्या टक्केवारीत. म्हणजे इथली मुलं नापास कमी होतात. प्रत्येकाला नव्वद टक्के पडतात, असा त्याचा अर्थ नाही. ही बातमी तुझ्यावरचं ओझं नाही. तुझ्या आजूबाजूची बहुतेक सगळी मुलं पास होतात, तर तूही होशील, एवढाच तिचा अर्थ आहे.

तिसरं पत्र: देवगड तालुक्यात माझी हापूसची बाग आहे. यंदा मोहोर बरा होता, मग ढगाळ हवा, तुडतुडा आणि थ्रिप्स ही कीड. चार फवारण्या झाल्या, औषधांची उधारी आहे, सोसायटीचं कर्ज आहे. रात्री दोनला जाग येते, मोबाइलवर हवामान बघत बसतो. सकाळी झाडाखाली पडलेली कणी (नुकतं धरलेलं बारीक फळ) बघवत नाही. बायको म्हणते, ‘ह्या वर्साचा काय खरा नाय, तुमी जीवाक लावून घेव नका.’ न लावून घेणं कसं जमवायचं?

दादा, लावून घेणं थांबवा असं मी सांगणार नाही. ज्या झाडांना बापाने पाणी घातलं, ती जीवाला लागणारच. पण तुम्ही कशावर काय ठरवता आहात ते तपासू.

झाडाखालची कणी. एका मोहोरात शेकड्यांनी फुलं असतात, त्यातून पेटीत जाण्याजोगा आंबा एखाद-दुसराच होतो. उत्तम वर्षातही फळ कणीएवढं, वाटाण्याएवढं, गोटीएवढं होईतो गळ होतच असते. झाड पोसता येतील तेवढीच फळं ठेवतं. सकाळी जमिनीकडे बघून तुम्ही पूर्ण हंगामाचा निकाल लावता, तो निकाल जमिनीवर लिहिलेला नसतोच. वर बघा. प्रत्येक कोपऱ्यातली चार-पाच कलमं ठरवा आणि आठवड्यातून एकदा त्यांच्यावरची टिकलेली फळं मोजा. तीच संख्या खरी धरा.

दुसरं, हापूस हे मुळात एकाआड एक वर्ष धरणारं झाड. कल्टार हे औषध वापरून आपण त्याला दरवर्षी धरायला लावतो, तरी त्याचा स्वभाव पूर्ण जात नाही. अशा झाडाचा हिशेब एका वर्षात मांडला की एक वर्ष तुम्ही राजा आणि पुढच्या वर्षी बुडालेले. गेल्या पाच वर्षांचं उत्पन्न आणि खर्च एका पानावर लिहून काढा, वाशी बाजारातल्या विक्रीच्या पट्ट्या शोधून. पाच वर्षांच्या हिशेबातही बाग तोट्यात असेल, तर ती खरी माहिती आहे आणि तिच्यावर निर्णय घ्यावा लागेल: करार, कलमांची छाटणी, प्रक्रिया, काही भागात काजू. नसेल, तर यंदाचं वर्ष हे एक वर्ष आहे.

लाझारस आणि सुसान फोकमन यांनी १९८४ साली ताणाशी दोन हात करायच्या दोन तऱ्हा मांडल्या. एक प्रश्नावर काम करायची, दुसरी आपल्या मनाच्या अवस्थेवर. बदलता येण्याजोगं असेल तिथे पहिली, नसेल तिथे दुसरी. तुमचं नेमकं उलटं चाललंय. ढगांवर तुम्ही रात्री दोनला मोबाइलवर काम करता आणि कर्जाच्या बाबतीत मन घट्ट करून गप्प बसता. ढग तुमच्या हातात नाहीत. कर्ज आहे. सोसायटीच्या सचिवांना हप्त्यांची फेरमांडणी होईल का ते आत्ताच विचारा, थकल्यावर नको. हवामानावर आधारित फळपीक विमा आंब्याला आहे. यंदा उतरवला असेल तर सहाय्यक कृषी अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे कृषी सहाय्यक) भरपाईचं काय ते विचारा, नसेल तर पुढच्या हंगामाची मुदत आजच लिहून घ्या. मोबाइल रात्री माजघरात ठेवा, उशाशी नको. हवामान दिवेलागणीनंतर एकदा आणि सकाळी फवारणीच्या आधी एकदा बघायचं. रात्री जाग आली तर उठून पाणी प्या आणि डोक्यात असेल ते कागदावर टाका. त्यावर विचार उद्या संध्याकाळी.

आणि हे काळजीपूर्वक वाचा. झोप दोन आठवड्यांहून जास्त काळ अशीच उडालेली असेल, जेवणावरची वासना गेली असेल, दिवसभर काही करावंसं वाटत नसेल, तर हा आता रोजचा ताण राहिलेला नाही. ओरोसच्या जिल्हा रुग्णालयात जा. आपण नसलेलं बरं असा विचार एकदाही आला असेल, तर आज रात्रीच बायकोला सांगा आणि १४४१६ वर फोन लावा. ही सरकारची टेली-मानस सेवा आहे, फुकट आणि चोवीस तास, मराठीत बोलता येतं. औषध लागलं तर घ्यायचं. तुडतुड्यावर तुम्ही नुसत्या धीराने भागवत नाही.

चौथं पत्र: नवरा बोटीवर असतो. घरी आला की पितो आणि हात उचलतो. सगळे म्हणतात, दर्यावरचा दमलेला माणूस, समजून घे. ताई, मी याकडे कसं बघितलं म्हणजे मला त्रास होणार नाही?

कसंही बघायचं नाही. तुम्हाला त्रास होतोय, कारण त्रास दिला जातोय. तुमची नजर अगदी बरोबर आहे. ती बदलायला सांगणाऱ्यांचं ऐकू नका. दमलेली माणसं या किनाऱ्यावर घरोघरी आहेत, सगळी हात उचलत नाहीत.

कौटुंबिक हिंसाचाराविरुद्धचा २००५ चा कायदा तुमच्यासाठी आहे. त्याखाली घरात राहायचा हक्क मिळतो, मारहाण थांबवण्याचा आदेश मिळतो, आणि अर्ज करायला संरक्षण अधिकारी मदत करतात. वकिलाचे पैसे नसले तरी अडत नाही. तालुका विधी सेवा समितीकडून बाईला मोफत वकील मिळतो, उत्पन्न कितीही असो. १८१ ही महिलांची हेल्पलाइन. अंगावर येईल तेव्हा ११२. मार लागला असेल तर सरकारी दवाखान्यात जा आणि कशाने लागलं ते खरं सांगून केसपेपरवर लिहून घ्या. आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचं पासबुक आणि मुलांचे दाखले एका पिशवीत घालून विश्वासातल्या शेजारणीकडे ठेवा, तो बोटीवरून परतायच्या आधी.